हद्दीबाहेरचं माहेर

माझ्या मावसोबांइतकी मनापासून काळजी करणारा माणूस मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे दोन्ही मुलूख मिळून दुसरा झाला नाही, हे मी पैज लावून सांगतो. नागपूरला बसलेल्या सरकारला साऱ्या प्रांताची दिवसभरात जेवढी काळजी वाटत असेल, तेवढी मावसोबांची सकाळच्या अंघोळीच्या आत करून झालेली असे. तुम्हीआम्ही काही घडलं की काळजीत पडतो. मावसोबांना काही घडलं की उलट जरा हुशारी येई. धडकी भरे ती काहीच घडत नसलं म्हणजे. घरात सगळं सुरळीत चाललेलं दिसलं की ते ओसरीवर येरझारा घालू लागत आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून मावशीला विचारत, "कावून वो, आज सगळं ठीक कावून हाय?" मावशी भाकर थापता थापता म्हणे, "संध्याकाळपर्यंत होईन काहीतरी. तुमी जेवून घ्या." एवढ्या आश्वासनावर ते पाटावर येऊन बसत.

त्यांचा धंदा संत्र्यांच्या दलालीचा. शेंदूरजनाघाटच्या बागांतला माल अकोल्याला उतरवायचा, निवडायचा आणि रेल्वेनं पुढं धाडायचा. काळजीखोर माणसानं लोखंडाचा धंदा करावा, दगडाचा करावा, संत्र्याचा कधी करू नये. एकदा संत्र्याच्या आंबिया बहराची चौकशी करणारं पत्र त्यांनी तिकडच्या एका बागाईतदाराला टाकलं. उत्तर लवकर येईना, तेव्हा पत्र पोचलं की नाही हे विचारणारी तार केली. त्या काळी खेड्यात तार यायची ती कोणीतरी गेल्याचीच. तारवाला दारात दिसताच त्या घरात रडारड सुरू झाली. इंग्रजी वाचणारा मास्तर गावाला गेलेला. इकडे तार करून घरी परतताना मावसोबांना वाटेत सुचलं, की तार पाहून ती माणसं घाबरतील. म्हणून ते तसेच माघारी फिरले आणि त्यांनी दुसरी तार केली : घाबरू नका. या दुसऱ्या तारेनं तिकडची उरलीसुरली आशाही संपली. तार अकोल्याहून आली आहे एवढंच तारवाल्याकडून कळलेलं. बागाईतदार दोन्ही तारा तशाच खिशात घालून निघाला, तो थेट मावसोबांच्या वखारीत आला आणि समोर मावसोबाच संत्री निवडत बसलेले पाहून मटकन खाली बसला. "तुमी जित्ते हा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मावसोबांनी त्याला आधी पाणी दिलं, पंख्यानं वारा घातला, आणि मग हळूच विचारलं, "पत्र भेटलं काय?"

अशा माणसाच्या गळ्यात बाळंतपणाच्या दवाखान्याचं सेक्रेटरीपद पडावं, ही दैवाची गंमतच म्हणायची. गावातल्या काही भल्या माणसांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. कापडाचे व्यापारी, एक-दोन वकील, फळांचे आणि भाजीचे आडते. गोरगरीब बायकांची बाळंतपणं नीट व्हावीत एवढाच हेतू. आमच्या म्युनिसिपल कमिटीजवळ असा दवाखाना नव्हता आणि स्वतः चालवायची तिची इच्छाही नव्हती. मग तिनं मंडळाला गावाच्या टोकाची जुन्या नाक्याची कौलारू इमारत दिली, दरसाल ग्रांट बांधून दिली, आणि काम तुम्ही करा म्हणून सांगितलं. मंडळाच्या पहिल्या सभेत सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न निघाला, तशी सगळी मंडळी आढ्याकडं पाहू लागली. एकट्या मावसोबांना राहवलं नाही. "कोणीच नाही झालं तं मंग कसं होईन?" असं ते काळजीनं बोलून गेले, आणि टाळ्या वाजल्या.

मी त्या वेळी कमिटीच्या कचेरीत आरोग्य खात्याच्या टेबलावर कारकून होतो. म्हणजे मंडळाचा अर्ज माझ्याकडे यायचा, ग्रांटचा कागद माझ्याकडून जायचा, आणि मधल्या सगळ्या काळात मावसोबा माझ्या खिडकीशी उभे असायचे. "सायबाचा मूड कसा हाय?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. साहेब हसले म्हटलं तर, "कावून हसला?" आणि हसले नाहीत म्हटलं तर मग विचारायलाच नको.

दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. नागपूरला शिकून आलेल्या, विधवा, सडपातळ, आणि साऱ्या अकोल्यात मावसोबांना दटावू शकणाऱ्या मावशीखेरीज एकट्याच. आत एखादी बाई अडली की मावसोबा व्हरांड्यात बसून असे काही कण्हत, की आतली बाई आपलं कण्हणं थांबवून विचारी, "बाहेर कोनाले काय झालं वो?" शेवटी नर्सबाईंनी त्यांना व्हरांड्याची बंदी केली. तेव्हापासून ते समोरच्या कडुनिंबाखाली छत्री उघडून बसत. बाज भरलेली असली की त्यांना बाईची काळजी, रिकामी असली की ग्रांटची. त्यातल्या त्यात भरलेल्या बाजेची काळजी त्यांना मानवत असे. तिला निदान शेवट होता आणि शेवटी डिंकाचे लाडू होते.

पहिली काही वर्षं बरी गेली. वर्षाच्या अखेरीला मंडळानं चार गोड शब्द लिहून पाठवायचे, कमिटीनं चार गोड शब्द लिहून ग्रांट मंजूर करायची. मग पुण्याकडचे एक नवे हेल्थ ऑफिसर आले. तरुण, स्वच्छ, घड्याळाकडं पाहून बोलणारे. आमची वऱ्हाडी बोली त्यांच्या कानाला नवी. मावसोबा पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा साहेब त्यांच्या स्वागताला उभे राहिले, तर मावसोबा म्हणाले, "उभे कावून हा? बसा न!" साहेब दचकून बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे गृहस्थ माझ्यावर रागावलेत का हो?" आणि तिकडं मावसोबा मला विचारत होते, "सायेब माह्यावर रागावले काय रे?" दोघांनाही मी नाही म्हणून सांगितलं. दोघांचाही विश्वास बसला नाही.

साहेबांनी मंडळाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, "हे पाहा, कमिटी दानधर्म करत नाही. लोकांच्या कराचा पैसा आहे. कमिटी तुमच्याकडून काम विकत घेते. काम दिसलं पाहिजे. मी स्वतः पाहणी करीन. बाजा वापरात असल्या तर करार पुढं चालू राहील. रिकाम्या असल्या तर टेंडर मागवू. अमरावतीची एक संस्था तयारच आहे." बोलणं रास्त होतं, हे आज मला पटतं. तेव्हा आम्ही दोघंही हबकलो. मावसोबा वाटेत दोनदा थांबले. "बायतपन विकत घेते कमिटी? विकत?" असं पुटपुटत घरी आले आणि त्या दिवशी मावशीनं आश्वासन देऊनही जेवले नाहीत.

अमरावतीच्या त्या संस्थेचे सेक्रेटरी लवकरच जागा पाहायला आले. बंद गळ्याचा कोट, कातडी बॅग, बॅगेत लोखंडी पलंगांचे फोटो. दुसऱ्या कोणी त्यांना दारातही उभं केलं नसतं. मावसोबांनी त्यांना घरी जेवायला नेलं, कारण बाहेरचं खाऊन त्यांचं पोट बिघडलं असतं. दवाखान्याची विहीर उन्हाळ्यात कधी आटते, छप्पर कुठं गळतं, सुईणी कुठं मिळतात, सगळं बारकाईनं सांगितलं. जाताना वाटेत भूक लागू नये म्हणून निवडक संत्र्यांची टोपली दिली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. मी चिडून म्हटलं, "मावसोबा, तो तुमचा दवाखाना न्यायला आलाय!" ते खिन्नपणे म्हणाले, "थे खरं हाय. पन येवढ्या दुरून आला बिच्चारा. त्याले नाही भेटलं तं त्याले कसं वाटन?"

आता खरी अडचण सांगतो. बाजा रिकाम्या होत्या. आधी मंडळाजवळही लोखंडी पलंगच होते आणि ते पाहून बायका दारातूनच परत जायच्या. म्हणून मावसोबांनी सुंभानं विणलेल्या बाजा आणल्या, शेकाला शेगड्या आणल्या. तरी बाजा रिकाम्याच. कारण उघड होतं. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते. अकोल्याच्या सुना गरोदर राहिल्या की खेड्यात माहेरी जायच्या आणि खेड्यातल्या सुना अकोल्याला माहेरी आल्या की आईच्या घरी बाळंत व्हायच्या. माय असताना लेकीला दवाखान्यात टाकली, हे कोणती माय ऐकून घेईल?

पाहणीची तारीख जवळ येऊ लागली तसे मावसोबा गावात फिरून गरोदर बायका शोधू लागले. काम नाजूक. भल्या माणसानं परक्या बाईला असं काही विचारायचं कसं? ते भाजीबाजारात जात, संशयास्पद दिसणाऱ्या माळणीपुढं बसत, भाजी घेत, आणि आडून आडून विचारत, "घरी सगळं बरं हाय न बाई? कोठी काई आंबट-गोड?" एकीकडून तर त्यांनी ओळीनं कितीतरी दिवस वांगी घेतली. शेवटी तिनं तराजू खाली ठेवला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादाजी, रोज पाहून राहिली मी. वांगे घेता अन् पोटाकडं पाहता. मी अशीच हावो जी! माह्या पोटात भाकर हाय, दुसरं काई नाई!" त्यानंतर मावसोबा भाजीबाजाराला वळसा घालून जाऊ लागले. मावशीनं एवढंच सांगितलं, "बाई नाही भेटली तं नाही भेटली, पन आता वांगे आनू नका."

मार्ग सांगितला तो नर्सबाईंनी, तोही वैतागून. "सेक्रेटरीसाहेब, ज्यांना माहेर आहे त्या तुमच्याकडे येणार नाहीत. ज्यांना माहेर नाही, त्यांचं पाहा."

मावसोबा तिथंच थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. ज्या बायकांची आई नाही, भाऊ नाही, ज्यांना बाळंतपणाला न्यायला कोणी येत नाही, सासरच्या अंधाऱ्या खोलीत ज्या कशातरी बाळंत होतात किंवा होत नाहीत, अशा बायकांचा विचार त्यांना आजवर सुचला नव्हता. एवढी मोठी काळजी आपल्या नजरेतून सुटली याची त्यांना लाज वाटली असावी. बाजाराला आलेल्या खेड्यांतल्या सुईणींकडून त्यांनी त्याच संध्याकाळी अशा सुनांची नावं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दमणी, म्हणजे प्रवासाची हलकी बैलगाडी, जुंपायला सांगितली, खण-नारळ घेतले आणि ते मुऱ्हाळी म्हणून निघाले.

सासरी असलेल्या लेकीला न्यायला माहेरचा माणूस मूळ घेऊन जातो, तो मुऱ्हाळी. दवाखान्याचं नाव काढलं तर कुठलीही सासू दार लावून घेईल, पण आलेलं मूळ परत पाठवायची तिची छाती होत नाही. मावसोबांनी काही युक्ती केली असं नाही. त्यांना लेकीबाळींना आणायची ही एकच रीत ठाऊक होती. त्यांना तिन्ही मुलगे. मूळ घेऊन जायची वेळ उभ्या आयुष्यात आली नव्हती.

पहिल्या खेपेला मी बरोबर होतो. बाळापूरच्या अलीकडचं एक लहान गाव. घर काळ्या मातीच्या वावरांच्या कडेला. पारू नावाची सून ओसरीच्या खांबाआड उभी, आणि पुढं तिची सासू, उंच, काटक, कपाळावर आठ्या. मावसोबांनी खण-नारळ पुढं ठेवला आणि म्हणाले, "पारूले न्याले आलो. बायतपनाले."

"तुमी कोन?"

"मी तिच्या माहेरचा."

"हिले माहेर कोठी हाय? मायबाप लहानपनीच गेले हिचे. चुलत्यानं लगन लावून देल्लं अन् पुन्हा तोंड नाही दाखवलं."

मला वाटलं, आता हे दमणीत जाऊन बसतील. पण ते म्हणाले, "म्हनूनच तं मी आलो."

सासूनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आत गेली आणि ताटं वाढून घेऊन आली. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. मुऱ्हाळी उपाशी जात नाही. मावसोबा जेवले आणि आपण जास्त तर जेवलो नाही ना या काळजीत पडले. पारूला जन्मात पहिल्यांदा कोणी न्यायला आलं होतं. सासूनं बोचकं बांधून होईपर्यंत ती दमणीत जाऊन बसलीसुद्धा, आणि वाटभर पदर तोंडाला लावून रडत होती. मावसोबांनी बैल इतके हळू हाकवले, की शेजारून पायी चाललेले लोक आमच्या पुढं निघून गेले. प्रत्येक धोंड्यावर ते मागं वळून विचारत, "लागलं काय वो बाई?" ती मान हलवून नाही म्हणे, पण त्यांचा विश्वास बसेल तर शपथ.

अशा खेपा होत गेल्या आणि बाजा भरल्या. दवाखान्यात हसणं-बोलणं सुरू झालं, दुपारी ओव्या ऐकू येऊ लागल्या, नर्सबाईंना दम टाकायला फुरसत उरली नाही. मावसोबा तिथून निघता निघेनात. पाहणी उद्यावर आली, आणि त्या दुपारी करारनाम्याची प्रत समोर घेऊन मी उद्याची तयारी करत बसलो असताना एका कलमावर माझं बोट थांबलं. करार होता तो कमिटीच्या हद्दीत राहणाऱ्या स्त्रियांसाठी. आमच्या बाजांवर निजलेल्या साऱ्या बायका होत्या हद्दीबाहेरच्या, खेड्यांतल्या. मावसोबा तो करारनामा रोज वाचून त्यातल्या प्रत्येक कलमाची काळजी करत आले होते. हे एकच कलम त्यांना इतकं निरुपद्रवी वाटलं, की त्याची काळजी करायची राहून गेली होती.

मी धावत जाऊन सांगितलं. ते कडुनिंबाखाली मातीतच बसले. खेड्यांचं काम पाहणाऱ्या जिल्हा कौन्सिलीकडं जावं असं मी सुचवलं, आणि सुचवतानाच मला उत्तर कळलं. बाई खेड्यातली म्हणून कमिटी नाही म्हणणार, आणि दवाखाना शहरात म्हणून कौन्सिल नाही म्हणणार. मग मी आवाज खाली आणून म्हटलं, "मावसोबा, साहेबांनी विचारलंच, तर बायकांना आपल्या जठारपेठेचं नाव सांगू द्या. कोण पाहायला जातंय?"

ते माझ्याकडं असं पाहू लागले, की मला मान खाली घालावी लागली. "लेकीले पह्यल्यांदा माहेरी आनलं," ते म्हणाले, "अन् खोटं बोलाले शिकवू?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मावसोबांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर दाबून धरले होते. साहेबांनी शेगड्या पाहिल्या, उकळलेल्या पाण्याची भांडी पाहिली, नर्सबाईंना नेमके प्रश्न विचारले आणि नेमकी उत्तरं मिळाल्यावर प्रथमच हसले. दारातून भरलेल्या बाजा पाहून म्हणाले, "वा! असं काम मी पुण्याकडेही फार पाहिलेलं नाही." गावाचं नाव त्यांनी एकीलाही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या टेबलाशी बसले, पेन काढलं, शेरा लिहायला सुरुवात केली. मी देवाचं नाव घेतलं. एक सही, की सगळं निभावलं.

"सायेब," मावसोबा म्हणाले.

मी मागून त्यांचा कोट ओढला. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

"सायेब, एक सांगाचं राह्यलं. ह्या बाया हद्दीतल्या नाहीत जी. एकबी नाही. म्या आनल्या खेड्यातून. मले रात्रभर झोप नाही."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. आत कोणीतरी हलक्या आवाजात गात होतं.

"आपण हे सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," साहेब म्हणाले. त्यांचा स्वर रागाचा नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आता मला लिहावं लागेल. हद्द मी आखलेली नाही, पण कमिटीचा पैसा हद्दीबाहेर खर्च करता येत नाही."

"लिवा, लिवा," मावसोबा घाईनं म्हणाले. "तुमी नका वाईट वाटून घेऊ. तुमची चाकरी हाय." आणि त्यांनी साहेबांना पाणी आणून दिलं.

कमिटीच्या पुढच्या सभेत काम अमरावतीच्या संस्थेला गेलं. तो ठराव माझ्याच हातानं टाईप झाला, आणि त्या दिवशी मला टाईपरायटरची कळ दाबवत नव्हती. त्या संस्थेनं पुढं काम चांगलं केलं, खोटं का सांगू? पण इमारत आम्हाला सोडावी लागली. ज्या बायका बाळंत झाल्या होत्या त्या सव्वा महिना पुरा करून, साडीचोळी घेऊन आपापल्या घरी गेल्या. राहिली एकटी पारू, सातव्यातच आणलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि नव्या संस्थेच्या ताब्यात जाण्याआधी दवाखान्याच्या दाराला दोन दिवसांत टाळं लागणार होतं. मावसोबांचा चेहरा त्या दिवसांत पाहवत नसे. आजवरच्या काळज्या त्यांनी हौसेनं केल्या होत्या. ही काळजी त्यांना खात होती.

बाळापूरच्या बाजारात बातमी पोचली आणि पारूची सासू बैलगाडी घेऊन हजर झाली. आम्ही सामान बाहेर काढत होतो. मावसोबा तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "बाई, चूक माही झाली. कमिटीनं दवाखाना काढून घेतला. तुमची सून तुमी घेऊन जा. पन गाडीत नका नेऊ, दमणी देतो. जपून न्या."

सासू कमरेवर हात ठेवून उभी होती. "दवाखाना? कोन्ता दवाखाना?" ती म्हणाली. "म्या सुनेले दवाखान्यात नाही धाडलं. तुमी मूळ घेऊन आलते. माह्या घरी जेवले. म्या तिले माहेरी धाडलं. कमिटीनं टाळं लावलं म्हनून माहेर सरते काय?"

मावसोबांनी जोडलेले हात सोडले.

"घर कोठी हाय तुमचं?" ती पुढं म्हणाली. "चाला. बाज कोठी टाकसान थे दाखवा."

जठारपेठेतल्या घराची त्या बाईनं जी पाहणी केली, तिच्यापुढं साहेबांची पाहणी म्हणजे पोरखेळ. मधली खोली पाहिली, वाऱ्याची दिशा पाहिली, डिंक हातात घेऊन पाहिला, मावशीच्या तुपाचा वास घेतला. मग मावशीच्या हातची भाकर खाल्ली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसली. ती पसंती होती, हे मावशीनं मला नंतर सांगितलं.

पारू आमच्या मावशीच्या मधल्या खोलीत बाळंत झाली. नर्सबाईंची नोकरी गेलेली; तरी त्या बोलावण्याची वाट न पाहता आल्या. मावसोबा अंगणात उपरण्याचा बोळा दातांत धरून बसले होते, आवाज आत जाऊ नये म्हणून. दुपार कलता कलता रडण्याचा आवाज आला आणि नर्सबाई दारात येऊन म्हणाल्या, "मुलगी आहे." मावसोबांनी मुलीचं काहीच विचारलं नाही. "बाई कशी हाय?" एवढंच विचारलं. बरी आहे म्हटल्यावर ते उठले, पुन्हा बसले, आणि लहान मुलासारखे रडले. थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी मला जवळ बोलावलं. जन्माची नोंद कमिटीत माझ्याच टेबलावर व्हायची होती.

"हे पोरगी तं हद्दीतली हाय न रे?" त्यांनी विचारलं.

"हो मावसोबा. जठारपेठेत जन्मली."

"अन् तिची माय?"

मी नोंदीसाठी खिशात पेन्सिल शोधू लागलो. ते मान हलवत राहिले.

मधल्या खोलीतली बाज पुढं कितीतरी वर्षं कोणी उचलली नाही. वर्षातून एक-दोनदा दमणी निघायची, कुठल्या तरी खेड्यात जायची आणि पायी चालणारांच्याही मागून हळूहळू परत यायची. ना ग्रांट, ना पाहणी, ना शेरा. मावसोबा थकले, मग मुलांनी दमणी विकली, आणि एका हिवाळ्यात मावसोबाही गेले. जातानासुद्धा आम्ही सगळे जेवलो की नाही याची चौकशी करून गेले.

आता अकोला वाढलं आहे. बाळापूरच्या रस्त्यानं गेलं की त्यांच्या खेपांची काही गावं शहराच्या हद्दीत आलेली दिसतात. आज असते तर त्यांचा करार मोडला नसता. मला वाटतं, ही बातमी ऐकून ते क्षणभर खूश झाले असते आणि लगेच विचारलं असतं, मग आता हद्दीच्या बाहेर कोण राह्यलं? आणि त्या विचारानं त्यांना झोप आली नसती. मला मात्र रोज छान झोप लागते. कधी कधी याचंच फार वाईट वाटतं.